हात थांबतो तेव्हा

कोल्हापुरातल्या गंगावेशीजवळच्या एका तालमीत मी मालिश शिकलो आणि पुढे पुण्यातील एका संस्थेत मसाज थेरपीचा अभ्यासक्रम पूर्ण केला. तालमीत वस्तादांनी कधी स्नायूचे नाव सांगितले नाही. हात कुठे थांबतोय तिकडे लक्ष दे, एवढेच ते म्हणत. संस्थेत मात्र प्रत्येक हालचालीचा क्रम आणि वेळ ठरलेली होती. कोल्हापुरात परत येऊन स्वतःचे काम सुरू केल्यावर यांपैकी कोणत्या शिकवणीला कधी मान द्यायचा, हे उमगायला मला बराच काळ लागला.

या प्रवासात एका तरुण मल्लाच्या खांद्याने मला पुष्कळ शिकवले. खासबाग मैदानातील कुस्ती तोंडावर आली होती आणि त्याचा उजवा खांदा पुढच्या बाजूने ठणकत होता. ठरलेल्या पद्धतीप्रमाणे मी तिथूनच सुरुवात करायला हवी होती. पण कोमट तिळाच्या तेलाचा पहिला संथ हात पाठीवरून फिरवताना माझा अंगठा खांद्याच्या पात्याच्या मध्याजवळ अडला. त्वचेखाली दोरीसारखा ताठ पट्टा लागत होता. तिथे बेताने दाब दिला आणि तो म्हणाला, "दादा, हीच कळ! पण ती पुढं खांद्यात येतीया." पात्यावरच्या इन्फ्रास्पायनेटस स्नायूतील गाठीची वेदना खांद्याच्या पुढच्या भागात जाणवते, हे अमेरिकन डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हेल यांनी विसाव्या शतकात नोंदवून ठेवले आहे आणि मी ते अभ्यासलेही होते. त्या क्षणी मात्र ते मला आठवले नव्हते. हात आधी पोहोचला आणि कारण मागून आले.

यात चमत्कार काही नाही, असे माझे ठाम मत आहे. बोटांच्या टोकांना स्पर्श टिपणारे मज्जातंतू दाटीने असतात, आणि वर्षानुवर्षे मल्लांच्या, ऊसतोड मजुरांच्या, दिवसभर मान खाली घालून चपला शिवणाऱ्या कारागिरांच्या पाठी हाताखालून गेल्यावर तो अनुभव शब्दांच्या आधी जागा होतो. म्हणूनच त्याच्यावर विश्वास ठेवायचा, पण त्याला पडताळूनही पाहायचे. हात जिथे थांबेल तिथे मी आधी विचारतो, मग त्या सांध्याची हालचाल करून बघतो आणि मगच दाब वाढवतो. हालचालीत काही आढळले नाही, तर मनाचा कौल कितीही जोरदार असला तरी ती जागा सोडून देतो.

हात "थांब" म्हणतो तेव्हा मात्र मी पडताळणीची वाट पाहत नाही. लांबचा प्रवास करून आलेल्या एका गृहस्थांना पोटरी रगडून हवी होती. एकच पोटरी सुजलेली, दुसरीपेक्षा गरम आणि घट्ट लागली, तेव्हा मी हात काढून घेतला आणि त्यांना लगेच डॉक्टरांकडे पाठवले. खोल शिरेत रक्ताची गुठळी असेल, तर मालिशने ती सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. अशा वेळी घाबरट ठरलो तरी मला चालते.

आमच्याकडे आणखी एक अडचण आहे, ती दाबाची. अंग दुखल्याशिवाय मालिश लागू पडत नाही, असा इथल्या लोकांचा पक्का समज आहे आणि "जोरात दाबा" ही फर्माईश मला रोज ऐकावी लागते. पण श्वास रोखला जातो, पायाची बोटे आवळली जातात, हाताखालचा स्नायू सैल होण्याऐवजी ताठरतो, तेव्हा तोंडाने काहीही सांगितले तरी शरीर नको म्हणत असते. मी दाब कमी करतो, तो का कमी केला हे समजावून सांगतो आणि श्वास पुन्हा मोकळा होईपर्यंत हात तिथेच स्थिर ठेवतो. काही जण त्यावर नाराज होऊन दुसरीकडे जातात, आणि ते मला मान्य आहे.