खोला

गेल्या गुरुवारी दुपारी मी मीच घातलेले टाके उसवत बसले होते. केसाएवढ्या रेशमी धाग्याचे शेहेचाळीस टाके. समोर स्टुलावर सत्तरी ओलांडलेल्या एक मावशी माझ्या हातांकडे बघत होत्या. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही.

मी पुण्यात कापडाच्या संवर्धनाचं काम करते. नारायण पेठेत एका जुन्या वाड्याच्या माडीवर आमची कार्यशाळा आहे. आमच्याकडे येतं ते बहुतेक जरीचं: पैठण्या, शेले, पगड्या. फेब्रुवारीत मात्र रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका गावातून जाळ्याचा तुकडा आला. तिथल्या कोळीवाड्याने शाळेच्या जुन्या इमारतीत मासेमारीचं संग्रहालय उभं करायला घेतलंय. सोबतच्या कागदावर एकच ओळ होती: 'डोल, जुनी, 1 नग. टोकाला फाटलेली.'

डोल म्हणजे भलंमोठं शंकूसारखं जाळं. समुद्राच्या तळात रोवलेल्या खुंटांना बांधून प्रवाहाच्या तोंडावर लावतात. ते ओढायचं नसतं, मासळी पाणीच आणून घालतं. म्हणून सगळं गणित भरती-ओहोटीचं. उधाणाच्या दिवसांत पाण्याला ओढ असते तेव्हा डोल भरते, भांगाच्या म्हणजे मंद भरतीच्या दिवसांत नाही. बोंबील, जवळा, करदी, मांदेली ही सगळी डोलीची मासळी. तोंडाशी मोठे असलेले आस, म्हणजे जाळ्याची भोकं, मागे लहान लहान होत जातात आणि शेवटच्या भागात करंगळीही शिरत नाही. या शेवटच्या भागाला खोला म्हणतात. आमच्याकडे आला होता तो हाच, सुमारे अकरा फूट. हे सगळं मी नंतर शिकले. फेब्रुवारीत मला एवढंच दिसत होतं की एक लांबट, तपकिरी, खारट वासाची पिशवी आहे आणि तिच्या टोकाला भोक आहे.

आधी ती प्लॅस्टिकमध्ये सीलबंद करून दोन आठवडे उणे 20 अंशांवर डीप फ्रीझरमध्ये ठेवली. कसर आणि भुंगे मारायला आम्ही हेच करतो, औषध फवारत नाही. मग गळून पडलेला एक तंतू सूक्ष्मदर्शकाखाली धरला. कापूस पिळवटलेल्या फितीसारखा दिसतो. हा सरळ होता आणि बांबूच्या पेरांसारख्या आडव्या खुणा होत्या, म्हणजे सण. नायलॉन येण्याआधीचं जाळं. दुसऱ्या तंतूवर फेरिक क्लोराइडचा थेंब टाकला तर तो निळसर काळा पडला, म्हणजे टॅनिन. कुठल्याशा सालीच्या काढ्यात जाळं मुरवलेलं होतं. खाऱ्या पाण्यात सण कुजू नये म्हणून हे करत.

पुढचं काम मला आजही अभिमानाचं वाटतं. मिठाने भरलेला तंतू पावसाळ्यात हवेतलं पाणी ओढून घेतो, उन्हाळ्यात वाळतो, आणि प्रत्येक फेऱ्यात आतून तुटतो. मीठ काढणं भाग होतं. पण एक कोपरा भिजवून पाहिला तर पाणी चहासारखं झालं. मिठाबरोबर सालीचा रंगही निघाला असता. संग्रहालयाच्या समितीचा फोन आला होता, 'मॅडम, पांढरंशुभ्र करून द्या.' लोकांना जुनी वस्तू जुनी चालत नाही. मी जाळं बुडवलंच नाही. ओलसर टीपकागदाच्या घड्या लावायच्या, काढायच्या, त्यांत उतरलेलं मीठ सिल्व्हर नायट्रेटने तपासायचं. सुरुवातीला थेंब दुधासारखा व्हायचा. एकविसाव्या दिवशी तो जवळजवळ नितळ राहिला आणि रंग होता तसाच होता.

मग टोक. भोकाभोवतीची जाळी चुरगळलेली, चुण्या पडून घट्ट बसलेली. तिथून साधारण सहा इंच आत सगळ्या बाजूंनी एक काळपट पट्टा होता, तंतू चेपलेले. अहवालात मी लिहिलं: 'दाबाची खूण, कारण अज्ञात.' गोअर-टेक्सखाली, म्हणजे फक्त वाफ जाऊ देणाऱ्या कापडाखाली, थोडा थोडा ओलावा देऊन, काचेची वजनं ठेवून आठ दिवसांत चुण्या काढल्या. कडा सपाट झाल्यावर रेशमाने भोक मिटवलं. टाके सुरेख आले होते.

गुरुवारी समितीचे सचिव जाळं पाहायला आले. त्यांच्या मावशी पुण्यात मुलीकडे आल्या होत्या, त्याही बरोबर आल्या. त्यांनी आधी जाळ्याचा वास घेतला आणि म्हणाल्या, "ऐनाची साल." माझी चाचणी टॅनिनपाशी थांबली होती, झाडाचं नाव त्या चाचणीतून कळत नव्हतं. मग त्यांनी जाळं हातावर घेत टोकाकडे नेलं आणि थांबल्या.

"बाय, तोंड शिवलंस? आता म्हावरा काढायचा कुठून?"

खोल्याला तळ नसतोच. टोक उघडंच ठेवतात, दोरीने गच्च बांधून समुद्रात सोडतात. भरलेला खोला होडीत घेतला की दोरी ओढायची आणि मासळी होडीत. टेबलावर सुती फीत पडली होती. मावशींनी ती बरोबर त्या काळपट पट्ट्यावर तीनदा गुंडाळली, टोक दुमडून आत सारलं, आवळलं. मग एका बोटाने ओढलं तर सगळं एका झटक्यात सुटलं. 'कारण अज्ञात' ते हे होतं. वर्षानुवर्षं तिथेच दोरी बसत आली होती.

टाके लगेच उसवले. परत काढता येणार नाही असं काही करायचं नाही, हे आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवतात. पण उसवून झाल्यावर मावशींनी सपाट कडेवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "चुण्या कुठे गेल्या?" रागावल्या नव्हत्या, खरंच विचारत होत्या. मी सचिवांकडे पाहिलं, ते फोनमध्ये होते. त्या चुण्या दोरीने घातलेल्या होत्या आणि मी त्या आठ दिवस जिवापाड काळजी घेऊन काढल्या. टाके उसवता येतात. चुण्यांचं तसं नाही. आज दोरी बांधली तर ज्या पडतील त्या आजच्या असतील.

मला तंतू ओळखायला शिकवलं, रंग, मीठ, कीड सगळं शिकवलं. पण गावाला एक फोन करून 'हे टोक असं का आहे?' विचारायला कुणी शिकवायची गरज नव्हती. समितीशी मी चार वेळा बोलले, चारही वेळा बिलाबद्दल आणि तारखेबद्दल.

अहवालातलं 'कारण अज्ञात' खोडून मी दोरीबद्दल लिहिलं, ऐनाची सालही मावशींच्या सांगण्यावरून असं नोंदवलं. त्याखाली एक परिच्छेद घातला: मूळ चुण्या कोणत्या तारखांना काढल्या, कुणी, काय समजून, आणि त्या दाखवणारा एकच फोटो शिल्लक आहे. सचिवांचा काल फोन आला. अहवाल देणगीदारांना दाखवायचा आहे, तेवढा परिच्छेद काढा म्हणाले. सोमवारी अहवाल जायचा आहे. परिच्छेद अजून तिथेच आहे.