आमची वाटचाल : कढईतले तेल, बंदरावरचे शुल्क आणि दहा रुपयांचे पाकीट

आमचा व्यवसाय लातूर शहरात आहे. शेव, पापडी, भावनगरी, चिवडा आणि मिश्र फरसाण असा माल आम्ही तयार करतो आणि लातूर, धाराशिव, बीड व नांदेड या जिल्ह्यांतील किराणा दुकानांना पुरवतो. वडिलांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मोंढ्याजवळ एका भट्टीवर हे काम सुरू केले, तेव्हा सगळा माल सुटा विकला जाई. आज आमच्या विक्रीचा मोठा भाग पाच आणि दहा रुपयांच्या पाकिटांचा आहे. या वाटचालीत यंत्रे आली, कामगार वाढले, दुसऱ्या पिढीने कारभार हाती घेतला. पण आमच्या नफ्यातोट्यावर सर्वाधिक परिणाम कशाने झाला असे कोणी विचारले, तर मी आयात शुल्काचे नाव घेईन. आम्ही स्वतः परदेशातून काहीही मागवत नाही, तरीही हे असे का, ते सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

वडिलांनी धंदा सुरू केला तेव्हा मराठवाड्यात करडई भरपूर पिकत असे आणि तळणीसाठी करडईचे किंवा शेंगदाण्याचे तेल वापरले जाई. पामोलिन (पामतेलाचा पातळ भाग) म्हणजे रेशनच्या दुकानात मिळणारे तेल, एवढीच त्याची ओळख होती. १९९४ मध्ये पामोलिनची आयात खासगी व्यापाऱ्यांसाठी खुली झाली आणि त्यावर ६५ टक्के शुल्क ठेवले गेले; ते उतरत उतरत १९९८ मध्ये १५ टक्क्यांवर आले. या चार वर्षांत आमच्यासारख्या असंख्य लहान कारखान्यांच्या कढईतले तेल बदलले. स्वस्त, तळणीत टिकणारे आणि स्वतःचा वास नसलेले पामोलिन आल्यामुळेच फरसाण गरिबाच्या घरी रोज जाऊ शकले, हे मान्य करायला हवे. आमच्या भागातली करडई मात्र हळूहळू शेतातून हटली आणि तिची जागा सोयाबीनने घेतली. आज देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते. त्यामुळे शुल्काचा आकडा हलला की आमचा खर्च हलतो.

हे शुल्क किती वेगाने वरखाली होते, ते आम्ही गेल्या काही वर्षांत पाहिले. मार्च २०१८ मध्ये कच्च्या पामतेलावरचे मूळ सीमाशुल्क ४४ टक्के आणि शुद्ध केलेल्या पामतेलावरचे ५४ टक्के झाले होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये जागतिक भाव भडकलेले असताना कच्च्या खाद्यतेलांवरचे मूळ शुल्क शून्यावर आणले गेले, आणि २०२२ च्या फेब्रुवारीत अधिभार धरून कच्च्या पामतेलावरचे एकूण शुल्क ५.५ टक्के उरले. त्यानंतर इंडोनेशियाने २८ एप्रिल २०२२ पासून साधारण साडेतीन आठवडे पामतेलाची निर्यातच थांबवली. त्या काळात मिळेल त्या भावाने डबे घ्यावे लागले, आणि शुल्क कितीही कमी असले तरी बाहेरच माल नसेल तर त्याचा उपयोग मर्यादित असतो, हे आम्हाला कळून चुकले.

त्यापुढचा मोठा बदल १३ सप्टेंबर २०२४ च्या अधिसूचनेने झाला, आणि तो दुसऱ्याच दिवसापासून लागू झाला. कच्चे पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेल यांवरचे मूळ शुल्क शून्यावरून २० टक्के झाले. त्याखेरीज ५ टक्के कृषी पायाभूत सुविधा अधिभार, आणि या दोन्हींच्या बेरजेवर १० टक्के समाजकल्याण अधिभार, असे मिळून एकूण ओझे ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्क्यांवर गेले. शुद्ध तेलावरचे एकूण शुल्क १३.७५ टक्क्यांवरून ३५.७५ टक्के झाले. गणेशोत्सव सुरू होता, विसर्जन तीन दिवसांवर होते आणि दिवाळीच्या मालाची तयारी आम्ही नुकतीच हाती घेतली होती.

या आकड्यांचा कारखान्यातला अर्थ एका सोप्या हिशेबाने सांगतो. बंदरावर तेल टनाला १,००० डॉलर आणि डॉलर ८४ रुपये धरला, तर किलोमागे ८४ रुपये होतात. त्यावर ५.५ टक्के म्हणजे ४ रुपये ६२ पैसे, आणि २७.५ टक्के म्हणजे २३ रुपये १० पैसे. फरक साडेअठरा रुपयांचा. पंधरा किलोच्या डब्यामागे सुमारे २७७ रुपये. एक किलो शेवेत मोहनासह साधारण ३५० ग्रॅम तेल असते, म्हणून शेवेचा खर्च किलोमागे साडेसहा रुपयांनी वाढतो. आमच्या दहा रुपयांच्या पाकिटात तेव्हा ४५ ग्रॅम शेव असे; म्हणजे पाकिटामागे २९ पैसे. ग्राहकाला हा आकडा क्षुल्लक वाटेल. पण त्या दहा रुपयांतून वस्तू व सेवा कर, दुकानदाराचा आणि वितरकाचा वाटा गेल्यावर आमच्या हाती सात रुपयांच्या आसपास पडत, आणि त्यातून बेसन, तेल, मसाला, गॅस, मजुरी, पाकिटाचा कागद व गाडीभाडे वजा जाता उरणारा नफा तीस ते चाळीस पैशांचा असे. म्हणजे शुल्काच्या एका अधिसूचनेने तो जवळपास सगळाच गेला. शिवाय त्याच सुमारास पामतेल जागतिक बाजारातही महाग होत गेले, त्यामुळे प्रत्यक्ष भाववाढ या हिशेबापेक्षा जास्त होती.

दहा रुपयांचे पाकीट अकरा रुपयांना विकता येत नाही. दुकानदार सुट्ट्या रुपयासाठी गिऱ्हाइकाशी वाद घालत नाही. तो तुमचा माल मागे सारतो आणि दहालाच मिळणारे दुसऱ्याचे पाकीट पुढे लटकवतो. त्यामुळे भाववाढ वजनात उतरते. आम्हीही ४५ ग्रॅमचे पाकीट ४० ग्रॅमचे केले. वजन पाकिटावर स्पष्ट छापलेले होते आणि ग्रॅममागची किंमतही छापलेली होती. तरीही पाकीट हातात घेऊन ते हलवून पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला फरक कळतोच, आणि त्याची नाराजी दुकानदारामार्फत आमच्यापर्यंत पोहोचतेच. त्यातच पाकिटाचे छापील रोळ आधीच आलेले होते आणि त्यांवर ४५ ग्रॅम लिहिलेले होते. ते संपेपर्यंत त्यात ४५ ग्रॅम भरणेच कायद्याने आणि सचोटीने आवश्यक होते, म्हणून ऐन दिवाळीचा बराच माल आम्ही जुन्याच वजनात जवळपास नफ्याशिवाय विकला.

दुसरा फटका खेळत्या भांडवलाचा होता, आणि याविषयी फारसे बोलले जात नाही. तेलाचा डबा महागला म्हणून बँकेची कॅश क्रेडिटची, म्हणजे खेळत्या भांडवलासाठीच्या कर्जाची, मर्यादा वाढत नाही. तेलाचे पैसे रोख किंवा आठवड्यात द्यावे लागतात, तर दुकानदारांकडची उधारी तीन-तीन आठवडे फिरत असते. तेवढ्याच पैशांत कमी डबे येऊ लागले की भट्टी काही वेळ बंद ठेवावी लागते, आणि घाणे कमी झाले की रोजंदारीवरच्या कामगारांचे दिवस कमी होतात. महाग तेलाने आणखी एक मोह निर्माण होतो : कढईतले तेल आणखी एक दिवस चालवण्याचा. वापरलेल्या तेलातील ध्रुवीय संयुगे (तेल पुन्हा पुन्हा तापल्याने वाढणारे घटक) २५ टक्क्यांपुढे गेली की ते तेल वापरू नये, असा अन्नसुरक्षा नियम २०१८ पासून आहे. आमचा आचारी दर पाळीला मापक तेलात बुडवून आकडा वहीत लिहितो, आणि तेजीच्या महिन्यांतही त्या वहीतली मर्यादा आम्ही ओलांडलेली नाही. खाणाऱ्याच्या प्रकृतीशी तडजोड करून वाचवलेले पैसे आम्हाला नकोत.

सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क वाढले तेव्हा केंद्र सरकारने तेल उद्योगाला विनंती केली होती की, कमी शुल्कात आलेला साठा शिल्लक असेपर्यंत कमाल किरकोळ किंमत वाढवू नये; असा साठा सुमारे ३० लाख टनांचा, म्हणजे दीड महिना पुरेल इतका होता. मात्र डब्याच्या बाजारात भाव लगेच चढले. व्यापारी सांगत की, आजचा डबा विकून उद्याचा डबा ज्या भावाने भरायचा, त्या भावानेच विकावा लागतो. आणि धंद्याच्या दृष्टीने यात चूक काढता येत नाही.

शुल्क वाढले की भाव दुसऱ्या दिवशी चढतो, पण शुल्क उतरले की भाव उतरायला महिने जातात, हे आम्ही हरभऱ्याच्या बाबतीतही पाहिले. देशी हरभऱ्यावरचे शुल्क मे २०२४ मध्ये काढून टाकण्यात आले, तरी त्या पावसाळ्यात आणि दिवाळीपर्यंत हरभरा व पर्यायाने बेसन तेजीतच राहिले; कारण ऑस्ट्रेलियातले पीक निघते ऑक्टोबरनंतर आणि जहाजाने इथे पोहोचायला आणखी वेळ लागतो. म्हणून त्या दिवाळीत आमची दोन्ही मुख्य खरेदी एकाच वेळी महाग होती. बाजारात पिवळ्या वाटाण्याचे पीठ मिसळलेले स्वस्त बेसन मिळत होते, कारण डिसेंबर २०२३ पासून तो वाटाणा शुल्काशिवाय येत होता. आम्ही पाकिटावर चणाडाळीचे बेसन असे छापतो, त्यामुळे तो मार्ग आमच्यासाठी नव्हताच.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो : हे शुल्क असावे की नसावे? तेलावरचे शुल्क वाढवले गेले ते सोयाबीन उत्पादकाला आधार मिळावा म्हणून, आणि तो शेतकरी आमचा शेजारी आहे. आमच्याकडे पॅकिंगला येणाऱ्या बहुतेक बायांच्या घरी दोन-चार एकर सोयाबीन असते. लातूरच्या बाजार समितीत सोयाबीनला बरा भाव मिळाला, तर आमच्या मालालाही खेड्यातून मागणी वाढते. म्हणून शुल्क नकोच, अशी भूमिका मी कधीही घेणार नाही. परंतु २०२४-२५ च्या हंगामात ४,८९२ रुपये हमीभाव असताना खुल्या बाजारात सोयाबीन त्याच्या बरेच खाली विकले गेले, हे लातूरकरांनी पाहिले आहे. याचे कारण सोयाबीनच्या दाण्यातच आहे. शंभर किलो सोयाबीनमधून तेल निघते अठरा किलोच्या आसपास. उरलेला जवळपास सगळा भाग पेंडीचा असतो. तेलावर शुल्क लावून तेलाचा भाव वाढतो, पण पेंडीला मागणी नसेल तर दाण्याचा भाव तेवढा उचलला जात नाही. त्या वर्षी पेंडीला जागतिक मंदीचा आणि इथेनॉल कारखान्यांतून निघणाऱ्या स्वस्त पशुखाद्याचा असा दुहेरी मार बसला. ग्राहकाने तेलासाठी जे जास्त मोजले, त्यातला फारच थोडा वाटा शेतकऱ्याच्या हाती गेला, असे माझे स्पष्ट मत आहे. हमीभावाने प्रत्यक्ष खरेदी वेळेवर आणि पुरेशी झाली असती, तर त्याला शुल्कापेक्षा अधिक आधार मिळाला असता. आर्द्रतेची अट १२ वरून १५ टक्क्यांपर्यंत शिथिल झाली तीसुद्धा नोव्हेंबरच्या मध्यावर, म्हणजे अनेकांनी माल विकून टाकल्यानंतर.

३० मे २०२५ रोजी कच्च्या तेलावरचे मूळ शुल्क २० वरून १० टक्के झाले आणि एकूण ओझे १६.५ टक्क्यांवर आले. शुद्ध तेलावरचे ३५.७५ टक्के तसेच राहिले. दोन्हींतला फरक आता १९.२५ टक्क्यांचा झाल्याने बाहेरून तयार तेल आणण्यापेक्षा कच्चे तेल आणून इथे शुद्ध करणे फायद्याचे ठरते, आणि देशातल्या रिफायनरींना काम मिळते. हा निर्णय मला योग्य वाटतो, कारण यात ग्राहकाचे ओझे हलके होते आणि रोजगारही देशातच राहतो. त्यानंतर २२ सप्टेंबर २०२५ पासून पाकीटबंद फरसाणावरचा वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्के झाला. या दोन्ही सवलती एकत्र धरून आम्ही ४० ग्रॅमचे पाकीट पुन्हा ४५ ग्रॅमचे केले. किंमत दहाच आहे.

खरेदीची पद्धत आम्ही बदलली आहे. तेलाचा सौदा आता एकदम न करता पंधरवड्याला करतो, कारण शुल्क ज्या मूल्यावर आकारले जाते ते मूल्यही सरकार दर पंधरवड्याला जाहीर करते. सुट्या मालाचा भाव दुकानदारांना पंधरा दिवसांपुरताच देतो. हरभऱ्यावर एप्रिल २०२५ पासून १० टक्के आणि पिवळ्या वाटाण्यावर १ नोव्हेंबर २०२५ पासून ३० टक्के शुल्क लागू झाल्यानंतर, चणाडाळीचा काही साठा हंगामातच स्थानिक डाळमिलकडून घेऊन ठेवायचे ठरवले आहे. पाकिटाच्या नव्या रोळांवर निव्वळ वजनाची आणि ग्रॅममागच्या किमतीची जागा कोरी ठेवून घेतली असून, दोन्ही आकडे भरताना यंत्रावरच छापले जातात.