कडक भाकरी घेऊन सायलेंट व्हॅलीत

सिद्धेश्वर यात्रेच्या गड्ड्याची गर्दी ओसरली आणि आम्ही तिघं केरळातल्या सायलेंट व्हॅली नॅशनल पार्कला निघालो. सोलापूरहून कन्याकुमारी एक्स्प्रेस थेट पालक्काडला जाते, गाडी बदलायची भानगड नाही, फक्त रिझर्व्हेशन लवकर करा, आम्ही उशीर केला आणि एक बर्थ तिघांत वाटून घेतला. पुढे बसने मन्नारकाड आणि तिथून मुक्काली. पार्कचं गेट इथंच.

आमची चूक म्हणजे मुक्कालीत पोचायला दुपार झाली. जीप सकाळीच सुटतात, मग काय, मुक्काम पडला. तुम्ही आदल्या रात्रीच तिथं जाऊन राहा आणि सकाळी आठच्या आधी काउंटरवर उभे राहा, बुकिंगचं फोन करून आधी विचारा. स्वतःची गाडी आत नेता येत नाही, वनखात्याच्या परवानगीची जीप आणि सोबत गाईड. प्लास्टिक पण बंद. आमची शेंगाचटणी प्लास्टिकच्या पिशवीत होती, ती गेटवरच पेपरात बांधून घ्यावी लागली आणि सगळं तेल माझ्या शर्टाला. कडक भाकऱ्या मात्र फडक्यात होत्या, त्या सुटल्या. तुम्ही डबाच न्या.

आत २३ किमी कच्चा रस्ता, हाडं खिळखिळी होतात, शेवटी सैरंध्री नावाचं ठिकाण. हो, विराटाच्या घरी राहिलेली द्रौपदी तीच, आणि खाली वाहणारी नदी कुंतीपुळा! तिथल्या निरीक्षणाच्या टॉवरवर चढलात की नुसतं हिरवं, आपल्या माळरानाच्या डोळ्यांना ते झेपतच नाही. याच नदीवर धरण होणार होतं, हे जंगल त्यात बुडणार होतं, लोकांनी इतकी वर्षं विरोध केला की शेवटी १९८४ ला नॅशनल पार्क जाहीर झालं.

सिंहपुच्छ माकड बघायचं असेल तर बडबड बंद. गाईडने कुलेनियाचं झाड दाखवलं, फांदीलाच चिकटलेली फुलं, ती खायला ही माकडं येतात म्हणे. आधी फांदी हलली, मग आयाळीसारखे पांढुरके केस आणि मधे काळं तोंड, शेपटीला गोंडा. मित्र म्हणतोय, "कुठंय बे, कुठंय?" आणि तेवढ्यात ते गायब. त्याला दिसलंच नाही, अजून माझ्यावर राग आहे.

पावसाळ्यात जळवा फार असतात म्हणे. आम्हाला जानेवारीत नदीकाठी एकच चिकटली, ती पण मोज्यावरून, तरी पँट मोज्यात खोचा आणि पुडीभर मीठ ठेवा.