गुळाचं आयसिंग आणि अण्णांचा दाणा

राखीला पाच दिवस उरले होते आणि पुण्याहून नणंदेचा फोन आला. "वहिनी, यंदाही बिस्किटं करशील ना? पण पिल्लूला पांढरी, रिफाइंड साखर बंद केलीय हं आम्ही."

बिस्किटांचं मला काही वाटलं नाही. कणीक, तूप आणि गूळ घालून नानकटाईसारखी मी करतेच. अडचण वरच्या नक्षीची होती. मागच्या वर्षी राखीच्या आकाराची बिस्किटं करून त्यावर आयसिंगच्या पाकळ्या काढल्या होत्या आणि त्यांचे फोटो नात्यात फिरले होते. आता ते आयसिंग म्हणजे काय, तर दोन-तीन चमचे दूध सोडलं तर सगळी पिठीसाखरच. तीच नको म्हटल्यावर उरलं काय?

शेजारच्या काकूंनी लगेच खडीसाखर सुचवली. "ती कुठं रिफाइंड असते?" असते की. साध्या साखरेचा पाक करून त्याचेच मोठे खडे जमवतात, त्यामुळे खडीसाखर दळून घालणं म्हणजे त्याच साखरेला नवं नाव. अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, वेगळाच फाटा काढला. त्यांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये गेली. "रिफाइंडच नको ना? मग आपल्याकडची घाल की. आपले बहुतेक कारखाने चुना आणि गंधकाचा धूर देऊन साखर पांढरी करतात. रिफाइंड साखर हा वेगळा माल असतो." मुद्दा बरोबर होता, पण हे नणंदेला फोनवर कोण सांगणार? मी गुळाकडे वळले.

पहिला प्रयत्न अगदी सरळ होता. पिठीसाखरेच्या जागी गुळाची पावडर. विकतच्या पिठीसाखरेत गुठळ्या होऊ नयेत म्हणून थोडा स्टार्च घातलेला असतो, म्हणून मीही 200 ग्रॅम गूळ पावडरीत दोन चमचे कॉर्नफ्लॉवर घालून मिक्सरला लावलं. मिक्सर तापला, गूळ सुटला आणि भांड्याच्या तळाशी चिकट लगदा बसला. वरची जेवढी कोरडी राहिली होती ती चाळून घेतली, दुधात कालवली आणि पाकळ्या काढल्या. जिभेला जरा रवाळ लागत होतं, पण दिसायला बरं होतं. रात्रभर परात पंख्याखाली ठेवली.

सकाळी बघते तर पाकळ्या चकचकीत ओल्या. बोट लावलं की तार निघत होती. शेजारशेजारच्या पाकळ्या एकमेकींत मिसळून सगळ्या राख्यांचे भोपळे झाले होते आणि परातीच्या कडेनं मुंग्यांची रांग लागली होती. बाहेर पाऊस थांबायला तयार नव्हता. गल्लीच्या ग्रुपवर आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी किती फुटांवर गेलं याचे मेसेज तासातासाला येत होते. 40 फूट ही इशारा पातळी, त्यामुळे सांगलीत त्या दिवसांत दुसरा विषय नसतो. अशा हवेत गूळ वाळेल म्हणून मी रात्रभर पंखा चालू ठेवला होता!

अण्णांनी चष्मा वर करून परात बघितली. "अगं, साखर म्हणजे नुसतं सुक्रोज. पाणी उडालं की ती दाणा धरते आणि कडक होते. गुळात सुक्रोजबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतं. ती दाणा धरू देत नाहीत, वर हवेतलं पाणी ओढतात. म्हणून तर पावसाळ्यात डब्यातला गूळ पाझरतो."

हे ऐकून मी शहाणं व्हायला हवं होतं. त्याऐवजी मला गुळपोळी आठवली. आमच्या माहेरी गुळपोळीच्या गुळात किंचित खायचा चुना घालतात, त्यानं गूळ मऊ होतो आणि पोळीच्या कडेपर्यंत पसरतो. म्हटलं, आयसिंगही छान पसरेल. आईच्या मापानं गव्हाच्या दाण्याएवढा चुना पुरतो. मी घातला हरभऱ्याएवढा. गूळ आणखीच काळवंडला. मग रंग उजळावा म्हणून वर घरची हळद घातली. सांगलीत हळदीला कमी नाही. आमच्या मार्केट यार्डात तिचे सौदे निघतात आणि 2018 साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. तर ही मानाची हळद चमच्यानं ढवळली आणि माझ्या डोळ्यांदेखत पिवळ्याचं विटकरी, विटकरीचं तांबडं झालं.

आई, म्हणजे सासूबाई, ओट्याशी येऊन बघतात तर काय. "कुंकू केलंस की गं!" आणि खरंच, हळदीचं कुंकू असंच करतात. हळदीला चुन्यासारखं काही लागलं की ती लाल होते. आंबट घातलं तर परत पिवळी होते, म्हणून मी त्यात थोडं लिंबूही पिळून बघितलं. झाली थोडी पिवळी. चव मात्र अशी, की मी स्वतः एक कण चाखून वाटी धुऊन टाकली.

मध्ये तासगावचे बेदाणे भिजवून वाटून बघितले. चव फार सुरेख, आंबटगोड. पण ते काही वाळणारं प्रकरण नव्हे. दोन बिस्किटांच्या मध्ये भरायला चांगलं, आणि त्या दिवशी तसंच संपवलं.

राखीला दोन दिवस उरले. मी गुळाच्या डब्याकडे रागानं बघत होते तेव्हा अण्णाच म्हणाले, "तू गुळाला पिठीसाखर करायला निघालीयस. पाक कर ना. कारखान्यात आम्ही पाकाला दाणा कसा धरायला लावायचो? आधी बारीक साखरेचं बियाणं टाकायचो. त्या कणांवर दाणा वाढतो. विरजण लावतो तसं."

मला एवढं पुरलं. यावेळी पावडर नाही, ढेपेचा गूळ घेतला. तोही चिक्कीचा नव्हे, साधा, फोडल्यावर आत रवाळ दिसणारा. चिक्कीचा गूळ काचेसारखा कडक होतो, तो इथे कामाचा नाही. 150 ग्रॅम गूळ आणि तीन मोठे चमचे पाणी मंद आचेवर ठेवलं आणि गूळ विरघळल्यावर गाळून घेतलं, कारण गुळात उसाचा कचरा आणि कधी वाळूही निघते. पुन्हा गॅसवर ठेवून पाक करायला घेतला. वाटीत गार पाणी घेऊन थेंब टाकत राहायचं. आधी थेंब पसरतो, मग तळाशी चिकटतो, मग बोटांनी वळला तर मऊ गोळी होते. तिथेच गॅस बंद करायचा. तिळाच्या वडीला गोळी ताटलीवर टाकली की टण्ण वाजावी लागते. इथे वाजली तर गेलंच सगळं.

गॅस बंद केल्यावर एक मोठा चमचा बिनमिठाचं लोणी घातलं आणि त्यानंतर ढवळायचा मोह आवरला. हे अवघड आहे. गरम पाक ढवळला तर जाडजाड दाणे पडतात. पातेल्याच्या बुडाला हात लावता येईल इतकं कोमट होईपर्यंत, अर्धा तास तरी, मी चक्क स्वयंपाकघरातून बाहेर जाऊन बसले. मग एक छोटा चमचा कोरडी, वस्त्रगाळ केलेली गूळ पावडर वर भुरभुरली. हे अण्णांचं बियाणं. आणि लाकडी कालथ्यानं घोटायला लागले.

पाच मिनिटं काहीच घडलं नाही. तोच काळपट, चमकता, ताणला जाणारा गोळा. हात भरून आला तसा नवऱ्याला हाक मारली. त्यानं घोटता घोटता सातव्या-आठव्या मिनिटाला रंग फिरला. काळपट तपकिरीचा हळूहळू कंदी पेढ्यासारखा झाला आणि वरची चमक एकदम गेली. कालथ्याचा आवाजही बदलला, आधी चपचप होता, आता जड, दबका. अण्णा खुर्चीतूनच म्हणाले, "धरला दाणा."

तरी नुसता हा पाक सांगलीच्या ऑगस्टमध्ये टिकला नसता. त्यात तीन मोठे चमचे दूध पावडर चाळून घातली, ती ओल शोषते आणि रंगही उजळतो. पावडर घेताना पाकीट वाचा. डेअरी व्हाइटनर म्हणून मिळतं त्यात साखर घातलेली असते, आणि मी पहिल्यांदा तेच उचललं होतं. घट्ट वाटलं म्हणून चमचाभर कोमट दूध घातलं. गूळ आंबटसर असतो, म्हणून उकळत्या पाकात दूध घातलं तर ते फाटायची भीती. शेवटी आणि कोमटच घालायचं.

आता घाई. पातेल्यात ते भराभर आळतं, म्हणून पातेलं गरम पाण्याच्या परातीत ठेवलं. दुधाची रिकामी पिशवी धुऊन, पुसून, कोपरा अगदी सुईएवढा कापला आणि पाकळ्या काढल्या. रंगाचा नाद सोडला होता. मध्यभागी एक बेदाणा, कडेनं काळे तीळ. सातारी पेढ्याच्या रंगावर काळे तीळ इतके खुलतात हे मला माहीत नव्हतं. दोन तासांत वर पापुद्रा धरला, रात्रीत बोट लावलं तर ठसा उमटेना. मागच्या वर्षीसारखं कडक मात्र नाही झालं, आतून मऊच राहिलं. त्यामुळे डब्यात एकावर एक रचताना मध्ये बटर पेपर घालावाच लागतो.

आईंनी एक बिस्किट उचललं, पण शुगर असल्यामुळे अर्ध्यावर थांबल्या. गूळ आहे म्हणून चालतं, असं आमच्या घरात कुणी म्हणत नाही. वजनाला वजन कॅलरी जवळपास साखरेइतक्याच. नणंदेलाही मी फोनवर हेच सांगितलं, तर म्हणाली, "ठाऊक आहे गं, पण पिल्लू एका वेळी एकच खाईल ना, गोड जास्त लागतं." डबा पोचला तेव्हा पाकळ्या शाबूत होत्या, दोन-तीन बेदाणे निघून खाली पडले होते.

दिवाळीच्या सुमाराला गुऱ्हाळं सुरू झाली की यार्डात नवा गूळ येईल. अण्णा म्हणतात त्याचा दाणा वेगळा पडतो, पाणी अडीच चमचेच घालून बघ.