उजवा दिवा अर्ध्यावर

धुळ्यात मुंबई-आग्रा रोडला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. गिऱ्हाईक म्हणजे ट्रक, ट्रॅक्टर, पिकअप. सेल्फ, अल्टरनेटर आणि जळालेली वायरिंग यांवर दुकान चालतं. त्यामुळे मे महिन्यात भर दुपारी लाल रंगाची, कापडी टपाची, दोन सीटची जुनी माझदा एमएक्स-५ दारात उभी राहिली तेव्हा हातातली कामं टाकून सगळे बाहेर आले. या गाडीचे दिवे बोनेटमध्ये झोपलेले असतात, लाइट लावली की वर येतात. मालकाने लावून दाखवली. डावा झटकन वर आला, उजवा अर्ध्यावर येऊन अडकला. अल्टरनेटरसाठी सकाळपासून बसलेले ट्रकवाले आबा हसत सुटले, "हाई ते डोया मारी ऱ्हायनी रे भो!"

मालक नाशिकचे, इंदूरला लग्नाला निघालेले. म्हणाले, "भाऊ, अंधाराच्या आत करून द्या. बिजासन घाटात मला एका दिव्यावर जायचं नाही." मग आधीचा इतिहास सांगितला. एका गॅरेजने रिले बदलला, नंतर परदेशातून मागवून उजवी मोटरही बदलली. फरक शून्य. आता आणखी एक मोटर खोक्यासकट डिकीत होती. "तपासलंय सगळं, मोटरच्या कनेक्टरला १२ व्होल्ट बरोबर येतात. म्हणजे मोटरच ना?"

मला तिथेच शंका आली. लागोपाठ दोन मोटरी एकाच जागी अडकायला लागल्या तर मी तरी तिसरी बसवत नाही.

१९८९ साली शिकागोच्या मोटर शोमध्ये आलेल्या या गाडीत प्रत्येक दिव्याला स्वतंत्र मोटर असते. ती एकाच दिशेने फिरते. अर्धा फेरा झाला की दिवा वर, पुढचा अर्धा झाला की खाली. दोन्ही टोकांना करंट तोडणारे कॉन्टॅक्ट मोटरच्या आतच असतात. ते बिघडले तर दिवा थांबतच नाही, वरखाली होत राहतो. इथे तसं नव्हतं. मी आधी रिट्रॅक्टरचा, म्हणजे दिवे वरखाली करणाऱ्या मोटरींचा, ३० अँपिअरचा फ्यूज काढला, कारण हात आत असताना दिवा फिरला तर बोटं जायची. मग मोटरवरची रबरी टोपी काढून खालचा नॉब हाताने फिरवला. दिवा अलगद वर गेला, अलगद खाली आला. ना जाम, ना ग्रीस सुकलेलं.

फ्यूज परत लावला आणि मालकांना म्हटलं, लाइट न लावता नुसते दिवे वर घ्यायचं बटण दाबा. उजवा रेंगाळत का होईना, पूर्ण वर गेला. खाली घेतला आणि लाइट लावली, तर पुन्हा अर्ध्यावर, आणि तो बल्बही पिवळट. बल्ब पेटला की मोटर दमते, म्हणजे दोघांची वाट कुठेतरी एकच आहे आणि तिथेच कोंडी आहे. मला त्यांच्या १२ व्होल्टपेक्षा हा पिवळट बल्ब जास्त खरा वाटला.

मीटर स्वतः करंट जवळजवळ ओढतच नाही. ठिबकचा फिल्टर चोंदलेला असला तरी वॉल बंद असताना प्रेशर पूर्ण दिसतं. वॉल उघडला की खरं कळतं. म्हणून मोजायचं ते लोड चालू असताना. आमच्याकडे मोठे ट्रक २४ व्होल्टचे, त्यामुळे ट्रॅक्टरसाठी ठेवलेला १२ व्होल्टचा ५५ वॅटचा बल्ब शोधून काढला. मोटरचा कनेक्टर सोडवून त्याच दोन वायरींवर तो लावला. जेमतेम तांबडा झाला. मग बल्बची एक वायर कनेक्टरच्या काळ्या, म्हणजे करंट परत नेणाऱ्या अर्थिंगच्या वायरवरून काढून थेट इंजिनला टेकवली, तर लख्ख.

दोष या परतीच्या वाटेतच आहे हे पक्कं करायला व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वाटेत किती व्होल्ट खर्च होतात ते, काढायचं होतं. मोटरची काळी वायर ते बॅटरीचा निगेटिव्ह, असं मीटर लावायचं. पण या गाडीची बॅटरी डिकीत! मीटरच्या वायरी पुरेनात. दुकानातल्या पोराने एक लांब वायर बोनेटपासून डिकीपर्यंत टपावरून ओढली. लाइट लावली आणि मीटरवर ४ व्होल्टच्या वर आकडा. तिथे ०.२ च्या आत असायला हवा. म्हणजे १२ पैकी तिसरा हिस्सा परतीच्या वाटेवरच खर्च होत होता. बॉडीच्या पत्र्यापासून बॅटरीपर्यंत मात्र जवळपास काहीच ड्रॉप नव्हता. दोष पुढेच होता.

उजव्या दिव्यामागे, मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर एक बोल्ट होता. बल्ब आणि मोटर दोघांच्या काळ्या वायरी एकाच लगमध्ये, म्हणजे वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीत, कोंबून त्याखाली आवळलेल्या. बोल्ट खोलला, तर खाली सुंदर, चकचकीत लाल रंग. गाडी कधीतरी त्या कोपऱ्यात ठोकली गेली होती, रंगवली गेली होती, आणि कुणीतरी अर्थिंग रंगावरच कसलं होतं. करंट जात होता तो फक्त बोल्टच्या आट्यांमधून.

"रंगकाम मी घ्यायच्या आधीचं," मालक म्हणाले.

पुढचं काम चहा येईपर्यंतचं. पत्रा पॉलिश पेपरने घासून उघडा केला, दातेरी वॉशर घातला, बल्बला आणि मोटरला वेगवेगळे बोल्ट दिले, वरून व्हॅसलीन. ड्रॉप ०.१ वर आला. दोन्ही दिवे एकदम उठले. बल्ब तर ७ इंची गोल दिव्यातला एच-४, अँबॅसिडरला चालायचा तोच, कुठल्याही दुकानात मिळणारा. तोही नवा टाकला.

"आता खोललंच आहे तर नवी मोटर बसवूनच टाका," मालकांचा आग्रह. मी खोकं परत डिकीत ठेवलं. मजुरी सांगितली तेव्हा ते बोल्टकडे बघत राहिले. एक वॉशर आणि पॉलिश पेपरचा तुकडा, त्याचे एवढे? नव्या मोटरचे पैसे मुकाट देणारी माणसं दोष शोधण्याच्या मजुरीला घासाघीस करतात, हे मी रोज बघतो. पण यांनी दिले, वर पोराच्या हातातही काही ठेवले.

निघताना सांगितलं, "शिरपूरला थांबाल तेव्हा लाइट चालू ठेवून दोन्ही बोल्टना हात लावा. गरम लागले तर फोन करा." त्यांनी पोराच्या हट्टाखातर दिवे दोनदा वरखाली केले आणि नरडाण्याकडे गाडी काढली. पोरगं रस्त्यावरच उभं.

आबा खाटेवरून उठले. "व्हयनं का त्यानं लगीन? आते मना अल्टरनेटर देख."