रंकाळ्याच्या दगडावरची तुतारी

मावशीकडे तीन दिवस होतो. अंबाबाईचं दर्शन, पन्हाळा, गंगावेशीत उभ्यानं प्यालेलं धारोष्ण दूध, सगळं झालं. लिहावंसं वाटतंय ते मात्र रंकाळ्यावरच्या अर्ध्या तासाबद्दल.

फेब्रुवारीतली सकाळ. फिरायला आलेल्यांची दाटी, त्यात कुणाच्या तरी मोबाईलवर मोठ्यांदा गाणी. पहाटेच्या पाण्याजवळ हा गोंगाट मला सहन होत नाही, म्हणून म्हशी धुतात तिकडे वळलो. आणि केंदाळाच्या कडेला, ओल्या दगडावर तुतारी नावाचं पाखरू! मातकट पाठ, पांढरंशुभ्र पोट, आणि खांद्यापाशी पंखाच्या पुढून वर चढलेली पांढरी पाचर. ती पाचर दिसली की ओळख पक्की. शेपटीकडचा भाग सारखा खालीवर, खालीवर.

डिसेंबरात अंदमानला, नील बेटावर, ओहोटीनं उघड्या पडलेल्या प्रवाळावर हीच पाहिली होती. विमान, बोट, उलट्या, एवढं सगळं सोसून गेलेल्या त्या सहलीतलं मनात राहिलं ते तेवढंच. युरोपपासून सायबेरियापर्यंत, आपल्याकडे काश्मीर-लडाखातही, गोड्या पाण्याच्या काठी जमिनीवरच घरटं करायचं, आणि थंडीत पन्नासेक ग्रॅमचं अंग घेऊन आफ्रिका, भारत, मालदीव, पार ऑस्ट्रेलियासुद्धा गाठायचं. समुद्रच हवा असा तिचा हट्ट नाही. पाण्याची ओली कड आणि तिथले किडे मिळाले की झालं. हे वाचून माहीत होतं, तरी मावशीच्या घरापासून दहा मिनिटांवर तिला पाहून घसा दाटला.

फोटोच्या हावेपायी मी दोन पावलं जास्त टाकली. बारीक शीळ घालत, ताठ पंख थरथरवत, पाण्याला लागूनच ती उडाली. फार अपराधी वाटलं.

"काय बघायलाय ओ?" म्हैस घासणाऱ्या काकांनी विचारलं. "ते शेपूट हलवणारं पाखरू व्हय? थांबा, येतंय परत. रोज ह्याच दगडावर असतंय. गणपती झालं की येतंय, ऊन तापलं की जातंय."

थांबलो. खरंच आली. निर्माल्याच्या प्लास्टिक पिशव्यांमधून वाट काढत दगडावर चढली. देवाची फुलं पिशवीसकट पाण्यात टाकणाऱ्यांना हात धरून इथं आणावं, एवढा संताप आला.

काकांची दुसरी म्हैस अजून काठावरच होती. त्यांनी दावं धरून तिला वळवलं आणि दगडापासून लांब, पलीकडच्या अंगानं पाण्यात उतरवलं.