एक खाली, एक वर

रविवार, रात्री

बालीला आम्ही स्पिअरफिशिंग शिकायला गेलो होतो, म्हणजे रबराच्या ताणावर भाला सोडणाऱ्या बंदुकीनं पाण्याखाली मासे मारायला. तिथून आल्यापासून जो भेटतो तो आधी माशांचं विचारतो. काल कोल्हापुरात गंगावेशीत दूध प्यायला थांबलो तर तिथंही तेच, "किती मारलं?" मोजकेच मारले, जेवणापुरते. पण मला लिहून ठेवायचंय ते माशांचं कमी आणि आम्हा तिघा बापलेकांचं जास्त आहे. ताजं आहे तोवर लिहिलेलं बरं.

दोन्ही पोरांना पोहायला मीच शिकवलं, गावाकडच्या विहिरीत, पाठीला डबा बांधून. मला माझ्या वडिलांनी असंच शिकवलं होतं. बाप काठावर उभा राहून ओरडणार, पोरगं खाली हातपाय मारणार. थोरला कॉलेजात गेला, धाकट्याला मिसरूड फुटलं, तरी माझी काठावरची जागा काही सुटली नव्हती. ती आमेदला सुटली.

आमेद म्हणजे बालीच्या पूर्व किनाऱ्यावरची कोळ्यांची वस्ती, विमानतळापासून गाडीने अडीच-तीन तास. मागं आगुंग ज्वालामुखी, म्हणून वाळू काळी. किनाऱ्यावर जुकुंग ओळीनं लावलेल्या, दोन्ही बाजूंना तोल सांभाळणाऱ्या बांबूच्या उलांड्या असलेल्या अरुंद होड्या. समोर लोंबोकची सामुद्रधुनी. प्रशांत महासागराचं पाणी इथून हिंदी महासागरात उतरतं, त्यामुळे ओढ अशी की पंचगंगेच्या पुरात पोहलेल्या माणसानंही तिला मान द्यावा.

सुरुवातीला आमच्या हातात बंदूक दिलीच नाही. नुसता दम. आम्ही शिकलो त्या स्पिअरफिशिंगमध्ये पाठीवर हवेचं नळकांडं नसतं. एका श्वासात खाली जायचं आणि त्याच श्वासात वर यायचं. शिकवणाऱ्याने पहिल्याच सकाळी जे सांगितलं ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला. पाण्याखाली श्वास घ्यावासा वाटतो तो प्राणवायू संपत आला म्हणून नव्हे, कार्बन डायऑक्साइड साठतो म्हणून. बुडी मारण्याआधी भराभर खोल श्वास घेतले की तो वायू उतरतो, छातीतली धोक्याची घंटा वाजतच नाही आणि माणसाला वाटतं, आपला दम वाढला. 10 मीटरवर पाण्याचा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. त्या दाबामुळे खाली असेपर्यंत थोडासा प्राणवायूही पुरतो. वर येताना दाब उतरतो आणि शेवटच्या काही मीटरांत माणूस बेशुद्ध पडतो. कधी तर डोकं पाण्याबाहेर काढल्यावर. ना धडपड, ना आवाज.

मला लगेच आमची विहीर दिसली. मे महिन्यात पोरं काय करतात? धापा टाकल्यासारखे श्वास भरून घेतात आणि पाण्याखाली कोण जास्त टिकतो याची पैज लावतात. मीही लावलीय. आमच्या वडिलांच्या पिढीनंही लावली. सुट्टीत पट्टीचं पोहणारं पोरगं विहिरीत गेलं की गावात 'पाय गाळात अडकला' म्हणतात. त्यातली किती अशी गेली असतील, या विचारानं त्या रात्री झोप लागली नाही.

म्हणून तिथला नियम, एक खाली, एक वर. खाली जाणाऱ्यावर वरच्याची नजर, तो वर आल्यावरही अर्धा मिनिट. जितका वेळ खाली, त्याच्या निदान दुप्पट वेळ विश्रांती. बंदूक पाण्याबाहेर कधीच भरायची नाही.

थोरल्यावर पहिल्यांदा नजर ठेवली तेव्हा मी पालथा तरंगत होतो, तोंडात स्नॉर्केल, श्वासाची नळी. ओरडायची सोयच नाही. तो नाक चिमटीत धरून कानातला दाब सोडत निळ्यात उतरत गेला, तळाच्या खडकाला चिकटून पडून राहिला. त्याच्या पायातले लांब फिन्स तेवढे हलत होते. मग बंदुकीचं रबर सुटल्याचा आवाज, पाण्यात तो बारीक 'टक्' येतो, आणि तांबोशीच्या कुशीतून हिरवा धूर निघाला. रक्तच ते, लाल उजेड पाण्यात आधी विझतो, म्हणून खोलवर हिरवं दिसतं. तो वर येऊ लागला तसं ते लाल होत गेलं. पाण्यात वस्तू तिपटीने नाही, पण तिसऱ्या हिश्श्याने मोठी दिसते, त्यामुळे होडीत घेतल्यावर मासा जरा लहान निघाला. वाटाड्यानं डोळ्यामागं टोच्या घालून त्याला क्षणात शांत केलं. मासा तडफडत ठेवायचा नाही यावर तो फार ठाम होता, आणि मला ते मनापासून पटलं.

मग माझी पाळी. धाकटा म्हणाला, "पप्पा, तुम्ही बिनघोर जावा, मी हाय वर." मी खाली गेलो आणि मान वर केली. उजेडाच्या गोलात त्याची आकृती, हात पसरलेले, तोंड माझ्याकडं. आयुष्यात पहिल्यांदा पोरगं काठावर आणि बाप पाण्यात. वर आलो तर त्यानं माझा खांदा धरला आणि मी 'ठीक' अशी खूण करेपर्यंत सोडला नाही.

सुरमई त्याच्याच वाट्याला आली, मारायला नव्हे, बघायला. आपण इथं जिचे तुकडे तळतो तीच, पण जिवंत सुरमईच्या चांदीसारख्या अंगावरचे उभे पट्टे कधी पाहिलेत का? ती निळ्यातून आली, त्याच्यापुढून वळली. त्यानं बंदूक रोखली आणि खाली घेतली. तिच्या पलीकडं, थोडं दूर, आमचा वाटाडा पोहत होता. सुरमई गेली. होडीत थोरला हळहळला, धाकटा म्हणाला, "मागं माणूस हाय म्हटल्यावर कसं सोडायचं?" मी काही बोललो नाही, गळा दाटून आला होता.

रात्री तांबोशीला घरची कांदा-लसूण चटणी लावून निखाऱ्यावर भाजली. शेजारी तिथलं सांबल, कच्चा कांदा, गवती चहा आणि खोबरेल तेलाचं. दोन्हींचं बरं जमलं.

आमेदजवळच्या तुलांबेनला ते बुडालेलं जहाजही पाहिलं. 1942 च्या जानेवारीत जपानी पाणबुडीनं टॉर्पेडो मारलेलं अमेरिकन 'लिबर्टी'. आधी ते किनाऱ्यावर पडून होतं, 1963 च्या आगुंगच्या उद्रेकानं पाण्यात ढकललं. तिथं बंदूक नेली नाही.

आता पुढचं. भावाला फोन करून सांगितलं, विहिरीवरच्या दमाच्या पैजा बंद. तो म्हणाला, पोरं ऐकणार नाहीत. धाकट्यानं फोन माझ्या हातातून घेतला आणि पुढच्या रविवारी स्वतः येऊन शिकवतो म्हणाला. थोरल्याचा दम भरायचा सराव तलावावर सुरूच आहे, पण एकट्यानं नाही. उद्या सकाळी सहाला मी जाणार आहे त्याच्याबरोबर.